एका यूएसबीतून चार-आठ सिरीयल पोर्ट: लिनक्स आणि बीएसडीसाठी कन्व्हर्टर कसा निवडावा

भोसरीतल्या एका शेडमध्ये शुक्रवारी सकाळी साडेआठला मी पॅनेलसमोर उभा होतो. गुरुवारी वीज बंद, त्यामुळे शेडला सुट्टी. शुक्रवारी मेन स्विच वर केला, संगणक आपोआप सुरू झाला, लिनक्स चढलं, मीटर वाचणारा प्रोग्रॅमही सुरू झाला. स्क्रीनवर आठही मीटरचे आकडे येत होते, कुठे एक एरर नव्हती. पण कॉम्प्रेसर बंद होता आणि त्याच्या नावापुढे ४२ अँपिअर दिसत होते. शेजारी हीट ट्रीटमेंटची भट्टी धडधडत होती आणि तिच्यापुढे शून्य.

संगणकाला चार-चार पोर्टचे दोन कन्व्हर्टर, म्हणजे एका यूएसबीतून सिरीयल पोर्ट काढून देणारे डबे, लावलेले होते. वीज आल्यावर दुसरा डबा पहिल्याच्या आधी जागा झाला, आणि टीटीवाययूएसबी० ते ३ ही लिनक्स क्रमाने वाटतं ती पोर्टची नावं त्याने घेतली. प्रत्येक पोर्टवर एकच मीटर, आणि मॉडबस या मीटरशी बोलायच्या भाषेत प्रत्येकाचा पत्ता १. त्यामुळे प्रोग्रॅमला काहीच वावगं वाटलं नाही. मागच्या नोंदी काढल्यावर कळलं की हे तीन आठवडे अधूनमधून होत होतं, आणि त्याच आकड्यांवरून विभागवार वीजखर्च लावला जात होता. तो सगळा हिशेब आम्ही हाताने पुन्हा केला.

तेव्हापासून सिरीयल कन्व्हर्टर घेताना पोर्ट किती आणि स्पीड किती, हे प्रश्न मी नंतर विचारतो. पहिला प्रश्न असतो: वीज जाऊन आली, केबल निघून परत लागली, तरी हा पोर्ट म्हणजे हेच यंत्र, असं या डब्यावरून खात्रीने सांगता येईल का? हा लेख त्याच प्रश्नाभोवती आहे. कमांड आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या रोमन अक्षरांतच टंकायची.

पहिली पायरी: केबलच्या दुसऱ्या टोकाला काय आहे ते लिहून काढा

दुकानात जाण्याआधी एका कागदावर यंत्रांची यादी करा. प्रत्येकापुढे चार गोष्टी हव्यात: आरएस-२३२ की आरएस-४८५, बॉड रेट (बोलण्याचा स्पीड) आणि पॅरिटी (चूक पकडणारा जादा बिट), केबलची लांबी, आणि फ्लो कंट्रोल (समोरच्याला थांब-चल सांगण्याची सोय) लागतो का.

आरएस-२३२ म्हणजे एका पोर्टवर एक यंत्र आणि अंतर थोडं. वजनकाट्याचा इंडिकेटर, जुनी सीएनसी, नेटवर्क स्विचचा कन्सोल हे सगळे इथे येतात. आरएस-४८५ दोन तारांवर चालतं, एकाच लाइनवर साध्या हिशेबाने ३२ उपकरणं बसतात आणि कमी स्पीडला १२०० मीटरपर्यंत जातं. बरेच जण ‘आठ मीटर आहेत म्हणून आठ पोर्ट’ असा हिशेब धरतात. आठही मीटर आरएस-४८५ असतील आणि प्रत्येकाला वेगळा मॉडबस पत्ता देता येत असेल, तर एक लाइन पुरते. वर सांगितलेल्या शेडमध्ये आम्ही शेवटी हेच केलं. मीटरना १ ते ८ पत्ते दिले, भट्टीकडची आणि कॉम्प्रेसरकडची अशा दोन लाइन ठेवल्या, आणि आठऐवजी दोनच पोर्ट लागले. पत्ते वेगळे असले की चुकीच्या पोर्टवर विचारणा गेली तरी उत्तर येत नाही, एरर दिसते. चुकीच्या आकड्यापेक्षा एरर कितीतरी बरी.

डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या स्पीडकडे लक्ष देऊ नका. ११५२०० बॉडचे सोळा पोर्ट एकदम भरून वाहिले तरी साधारण १८ लाख बिट प्रति सेकंद होतात, आणि यूएसबीचा जुना फुल स्पीड सेकंदाला १२० लाख बिटांचा आहे. आपल्याकडची बहुतेक यंत्रं ९६०० वर बोलतात. खरी अडचण स्पीडची नसते, उशिराची असते. त्याकडे पुढे येतो.

दुसरी पायरी: डबा नव्हे, चिप निवडा

लिनक्स आणि बीएसडी (फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी, नेटबीएसडी) या मुक्त प्रणालींना डब्यावरच्या ब्रँडशी देणंघेणं नसतं. कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आतल्या चिपचा व्हेंडर आयडी (कंपनीचा क्रमांक) आणि प्रॉडक्ट आयडी (मॉडेलचा क्रमांक) बघतो आणि त्यावरून ड्रायव्हर लावतो. सोबतच्या सीडीवर ‘लिनक्स सपोर्टेड’ लिहिलेलं असतं, पण उघडल्यावर बऱ्याचदा कुठल्यातरी जुन्या कर्नलसाठीचा सोर्स निघतो, आणि पुढच्या कर्नल अपडेटला तो कंपाइल होत नाही. म्हणून माझा नियम सरळ आहे: ड्रायव्हर मूळ कर्नलमध्येच असला पाहिजे. बाहेरून टाकावा लागणारा ड्रायव्हर म्हणजे दर अपडेटला कारखान्यात एक फेरी.

चार पोर्टसाठी माझी पहिली पसंती एफटीडीआयच्या एफटी४२३२एच या चिपला. एफटीडीआय ही स्कॉटलंडमधल्या ग्लासगोची कंपनी. व्हेंडर आयडी ०४०३, प्रॉडक्ट आयडी ६०११. हाय स्पीड यूएसबी, प्रत्येक पोर्टला जाण्यासाठी आणि येण्यासाठी २-२ केबी बफर, चारही पोर्टवर मोडेमच्या सगळ्या लाइन. लिनक्समध्ये एफटीडीआय_एसआयओ, फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी आणि नेटबीएसडीमध्ये यूएफटीडीआय हा ड्रायव्हर. दोन पोर्टसाठी एफटी२२३२एच, आयडी ६०१०. आठ किंवा सोळा पोर्टचा डबा उघडला तर बहुधा आत एक हब आणि त्यामागे अशा दोन किंवा चार चिप दिसतात.

दुसरा चांगला पर्याय सिलिकॉन लॅब्सचा सीपी२१०८, चार पोर्ट, आयडी १०सी४ आणि ईए७१. लिनक्सचा ड्रायव्हर सीपी२१०एक्स, फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडीत यूएसएलकॉम. याच घराण्यातला दोन पोर्टचा सीपी२१०५ घेताना मात्र सांभाळा. त्याचे दोन पोर्ट सारखे नाहीत, एक ‘एन्हान्स्ड’ आणि दुसरा ‘स्टँडर्ड’, आणि दोघांच्या क्षमता वेगळ्या आहेत.

एमसीएस७८४० ही चार पोर्टची चिप हैदराबादच्या मॉसचिपची, पुढे ती एसिक्सकडे गेली. लिनक्समध्ये मॉस७८४०, फ्रीबीएसडीत यूएमसीएस. जुन्या डब्यांत ती अजून भेटते आणि काम करते. नवीन घेताना मी ती शोधत जात नाही, पण कपाटात पडलेली असेल तर फेकूही नका.

प्रोलिफिकचा पीएल२३०३ आणि डब्ल्यूसीएचचा सीएच३४० या एका पोर्टच्या चिप. स्वस्त मल्टिपोर्ट डब्यात हबमागे अशाच चार चिप लावलेल्या असतात. दोन्ही लिनक्सवर लगेच ओळखल्या जातात, बीएसडीतही यूपीएलकॉम आणि यूसीएचकॉम आहेत. टेबलावर स्विचचा कन्सोल बघायला मी स्वतः सीएच३४० वापरतो, त्यात काही कमी नाही. पण पॅनेलमध्ये कायमचा बसवायचा असेल तर घेत नाही. कारण तिसऱ्या पायरीत येईल.

मोठ्या, औद्योगिक डब्यांपैकी मोक्साच्या यूपोर्ट मालिकेतल्या बऱ्याच मॉडेलना लिनक्स कर्नलमध्ये एमएक्सयूपोर्ट हा ड्रायव्हर आहे. मात्र त्याला फर्मवेअरची फाइल लागते. लिनक्स-फर्मवेअर हे पॅकेज नसलेल्या छोट्या इन्स्टॉलेशनवर डबा दिसतो, पण पोर्ट येत नाहीत, आणि माणूस डब्यालाच दोष देत बसतो. डिजीच्या एजपोर्टचं तसंच, ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे आणि फर्मवेअर वेगळं. बीएसडीवर जायचं असेल तर घेण्याआधी त्या प्रणालीच्या मॅन्युअल पानावर मॉडेलचं किंवा चिपचं नाव लिहिलेलं आहे का ते बघा. ओपनबीएसडीची मॅन्युअल पानं या बाबतीत इतकी नीट लिहिलेली आहेत की लिनक्सवाल्यांनीही खरेदीआधी ती वाचावीत.

नकली चिपबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआयच्या विंडोज ड्रायव्हरने नकली चिपचा प्रॉडक्ट आयडी शून्य करून टाकला आणि जगभर अनेकांचे कन्व्हर्टर एकाएकी बंद पडले. लिनक्सने पुढे त्या शून्य आयडीलाही ओळख दिली. म्हणजे लिनक्सवर नकली चिप चालते. पण ती लोडवर कशी वागेल याची हमी कुणी देत नाही, म्हणून यंत्रांसाठी घेताना बिल देणाऱ्या, बदलून देणाऱ्या दुकानातूनच घ्या.

तिसरी पायरी: सिरीयल नंबर आहे का?

संपूर्ण लेखात हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आहे.

प्रत्येक यूएसबी उपकरणात सिरीयल नंबरासाठी जागा असते, पण तो भरलेलाच असेल असं नाही. नंबर असेल तर लिनक्स डेव्ह खालच्या सिरीयल फोल्डरमध्ये, बाय-आयडी या नावाखाली, त्या नंबरासकट कायमचं नाव तयार करतं. मग पोर्टला टीटीवाययूएसबी० म्हणा की टीटीवाययूएसबी७, बाय-आयडीतलं नाव त्याच पोर्टकडे बोट दाखवतं. नंबर नसेल आणि एकाच कंपनीचे दोन डबे लावले, तर दोघांची नावं एकच होतात आणि शेवटी आलेला ते नाव बळकावतो. माझ्या शुक्रवारचं मूळ इथेच होतं.

कुठल्या चिपमध्ये काय असतं ते सांगतो. एफटीडीआयच्या एका पोर्टच्या एफटी२३२आरच्या पोटात स्वतःचा ईईप्रॉम (वीज गेली तरी मजकूर राखणारी छोटी मेमरी) असतो, त्यामुळे नंबर असतो. एफटी४२३२एचला बाहेर एक छोटा आठ पायांचा किंवा सहा पायांचा ईईप्रॉम लावावा लागतो, आणि पैसे वाचवायला काही डब्यांत तो लावलेलाच नसतो. सीपी२१०२ मध्ये नंबर असतो, पण बऱ्याच स्वस्त बोर्डांवर तो ‘०००१’ हाच, सगळ्यांना सारखा. सीएच३४०च्या नेहमीच्या प्रकारात नंबर नसतोच.

तपासायला एलएसयूएसबी ही कमांड सविस्तर पर्यायासह चालवा आणि ‘आयसिरीयल’ ची ओळ शोधा. तिथे शून्य असेल तर नंबर नाही. दोन डबे घेत असाल तर दोन्हींचे नंबर वेगळे आहेत हे डोळ्यांनी बघा.

ईईप्रॉम आहे पण कोरा आहे, असंही होतं. तेव्हा लिबएफटीडीआयसोबत येणाऱ्या एफटीडीआय_ईईप्रॉम या साधनाने तुम्हीच नंबर लिहू शकता. आधी आतला मजकूर वाचून फाइलमध्ये जपून ठेवा, मगच लिहा, आणि एका वेळी एकच डबा लावलेला असू द्या. मी नंबरात शेडचं नाव आणि पॅनेलचा क्रमांक घालतो. दोन वर्षांनी दुसरा कुणी माणूस एलएसयूएसबी चालवेल तेव्हा त्याला डबा कुठला ते कळतं.

नंबर अजिबातच नसेल तर बाय-पाथ वापरा. हे नाव डब्याला चिकटत नाही, संगणकाच्या ज्या सॉकेटमध्ये तो लावला आहे त्या सॉकेटला चिकटतं. केबल त्याच भोकात राहिली तर नाव टिकतं. मग सॉकेटवर रंगीत टेप लावा, केबलवर तोच रंग लावा, आणि झाडझूड करणाऱ्यांना सांगून ठेवा.

फ्रीबीएसडीवर हेच काम डेव्हडी या, उपकरण लागताच नियम चालवणाऱ्या, सेवेतून होतं. तिथे सिरीयल नंबर जुळवून, चालू पोर्टचं नाव घेऊन सिमलिंक (त्याच पोर्टकडे बोट दाखवणारं दुसरं नाव) करता येते. फ्रीबीएसडीत एक फरक ध्यानात ठेवा: एफटी४२३२एचचे चार पोर्ट सीयूएयू० ते सीयूएयू३ असे चार वेगळे होतात, पण एमसीएस७८४०चे चार पोर्ट सीयूएयू०.० ते सीयूएयू०.३ असे एकाच क्रमांकाखाली येतात. जुना डबा काढून नवा लावला की कॉन्फिगरेशनमधली नावं बदलतात ती यामुळे. ओपनबीएसडीत नावं सापडण्याच्या क्रमाने मिळतात आणि जास्त पोर्ट असतील तर मेकडेव्हने नोंदी कराव्या लागतात. तिथे मी संगणकागणिक एकच मल्टिपोर्ट डबा ठेवतो, म्हणजे क्रम चुकायला वावच राहत नाही.

चौथी पायरी: उशीर मोजा

एफटीडीआयची चिप आलेले बाइट लगेच संगणकाला देत नाही. पाकीट भरेपर्यंत किंवा १६ मिलिसेकंद होईपर्यंत थांबते. याला लेटन्सी टायमर म्हणतात. फाइल पाठवायला हे सोयीचं, पण मॉडबससारख्या छोट्या सवाल-जवाबाला त्रासाचं.

हिशेब करून बघू. ९६०० बॉड, इव्हन पॅरिटी, म्हणजे एका अक्षराला ११ बिट, साधारण १.१५ मिलिसेकंद. दहा रजिस्टर (मीटरमधले आकड्यांचे कप्पे) मागितली तर उत्तर २५ बाइटचं, ते यायला जवळपास २९ मिलिसेकंद. पाकीट भरत नाही, म्हणून वर १६ मिलिसेकंदांपर्यंत थांबणं. एका लाइनवर ३२ मीटर असतील तर प्रत्येक फेरीत अर्ध्या सेकंदापर्यंत वेळ नुसता वाट बघण्यात जातो.

याहून वाईट म्हणजे तुटलेलं उत्तर. मॉडबस आरटीयूमध्ये फ्रेम संपल्याची खूण म्हणजे साडेतीन अक्षरांची शांतता, ९६०० वर साधारण ४ मिलिसेकंद. फुल स्पीडच्या एफटी२३२आरमध्ये एका पाकिटात ६२ बाइट डेटा बसतो. लांब उत्तर दोन-तीन पाकिटांत येतं, मधे चार मिलिसेकंदांहून मोठी फट पडते, आणि शांततेवर विसंबलेला प्रोग्रॅम फ्रेम संपली असं समजून सीआरसी (फ्रेमच्या शेवटी येणारा तपासणीचा आकडा) जुळत नाही अशी एरर देतो. मग लोक टर्मिनेशनचा रेझिस्टर बदलत बसतात. यूएसबीवर चालणाऱ्या प्रोग्रॅमने फ्रेमची लांबी आणि सीआरसी यांवर भरवसा ठेवावा, शांततेवर नाही.

लिनक्समध्ये हा टायमर १ मिलिसेकंदावर आणता येतो. सिस फाइलसिस्टिममध्ये यूएसबी-सिरीयलच्या उपकरणाखाली लेटन्सी_टायमर नावाची फाइल आहे, तिच्यात १ लिहायचं. रीबूटनंतर ते पुसलं जातं, म्हणून यूडेव्ह या, उपकरण लागताच नियम चालवणाऱ्या लिनक्सच्या सेवेच्या नियमात घालून ठेवा. ही सोय एफटीडीआयची आहे, आणि त्या चिपला माझी पसंती असण्याचं हे दुसरं कारण.

आरएस-४८५ घेताना दिशा कोण बदलतं ते विचारा. दोन तारांवर बोलायचं की ऐकायचं हे क्षणाक्षणाला ठरवावं लागतं. प्रोग्रॅमने आरटीएस ही इशाऱ्याची लाइन वरखाली करून हे करायचं ठरवलं तर यूएसबीवर ते वेळेत होत नाही, कारण फुल स्पीड यूएसबीची एक फ्रेमच १ मिलिसेकंदाची, आणि ११५२०० वर एक अक्षर त्याच्या दहाव्या भागाहून कमी वेळात निघून जातं. एफटीडीआयच्या चिपला यासाठी स्वतःची टीएक्सडीईएन ही पिन आहे, हार्डवेअरच दिशा बदलतं. ती वापरलेला डबा घ्या.

जुन्या सीएनसीसाठी थोडं वेगळं. भोसरी-चाकणच्या जॉब शॉपमध्ये फॅनुक कंट्रोलची जुनी व्हीएमसी (उभी मिलिंग करणारी सीएनसी) अजून रोज चालते, आणि मोठा डाय-मोल्डचा प्रोग्रॅम मेमरीत मावत नाही म्हणून तो ओळीओळीने पाठवावा लागतो. मशीनचा बफर भरला की ती एक्सऑफ, म्हणजे ‘थांब’ हा इशारा, पाठवते. कर्नलने थांबायचं ठरवेपर्यंत कन्व्हर्टरच्या बफरातले शेकडो बाइट निघून जातात, आणि कंट्रोलवर ०८७ बफर ओव्हरफ्लोचा अलार्म येतो. तोपर्यंत कटर जॉबवर उभा असतो. एफटीडीआयच्या चिपला एक्सऑन-एक्सऑफ स्वतः पाळता येतं, आणि एसटीटीवाय या कमांडने आयएक्सऑन हा पर्याय चालू केला की लिनक्सचा ड्रायव्हर तिला तसं सांगतो. त्यामुळे बाइट चिपमध्येच थांबतात. सीएनसी असेल तर दुसरी चिप घेऊ नका, हे मी आग्रहाने सांगतो.

पाचवी पायरी: दुकानात लॅपटॉप घेऊन जा

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मी सकाळी अकराच्या सुमारास जातो, गर्दी वाढण्याआधी. लॅपटॉप, एक नऊ पिनचा मादी कनेक्टर ज्याच्या २ आणि ३ या पिना तारेने जोडलेल्या आहेत, आणि छोटा स्क्रूड्रायव्हर, एवढं पिशवीत असतं. दुकानदाराला आधीच सांगतो, ‘चालला तर दोन घेणार, पण लावून बघू द्या.’ काउंटरवर लावून बघायला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

डबा लावला की डीमेसेजच्या, म्हणजे कर्नलच्या नोंदींच्या, शेवटच्या ओळी बघायच्या. ड्रायव्हरचं नाव यायला हवं आणि जितके पोर्ट तितक्या ‘अटॅच्ड’ च्या ओळी यायला हव्यात. मग एलएसयूएसबीत आयडी आणि सिरीयल नंबर. मग तो जोडलेला कनेक्टर एकेका पोर्टवर लावायचा, पिकोकॉम हा टर्मिनल प्रोग्रॅम उघडायचा आणि टंकायचं. टंकलेलं अक्षर परत दिसलं की पोर्टच्या दोन्ही दिशा चालू आहेत. कनेक्टर काढल्यावर अक्षर दिसणं थांबलं पाहिजे. नाही थांबलं तर लोकल एको चालू आहे, म्हणजे प्रोग्रॅमच अक्षर परत दाखवतोय, आणि तपासणी फुकट. आठ पोर्टला पाच मिनिटं लागतात. डब्यावर १ लिहिलेला पोर्ट लिनक्समध्येही पहिलाच आहे का तेही याच वेळी कळतं. एकदा मला मधले दोन पोर्ट उलटे छापलेला डबा मिळाला होता. तो काउंटरवरच कळला म्हणून बरं, पॅनेलमध्ये बसल्यावर कळला असता तर सगळं वायरिंग उघडावं लागलं असतं.

दुकानदाराची हरकत नसेल तर झाकणाचे स्क्रू काढून मोबाइलच्या टॉर्चमध्ये चिपवरची अक्षरं वाचा. सरळ उजेडात ती दिसत नाहीत. फोन अगदी आडवा धरला की राखाडी अक्षरं उठून येतात.

नऊ पिनच्या कनेक्टरला बाजूचे स्क्रू आहेत का, ते पाहा. व्हायब्रेशन असलेल्या जागी स्क्रूशिवायचा कनेक्टर महिनाभर टिकत नाही. आणि आठ पोर्टच्या डब्याला वेगळा पॉवर अडॅप्टर असावा. यूएसबी २च्या सॉकेटमधून ५०० मिलिअँपिअरच मिळतात.

सहावी पायरी: जागेवर बसवताना

वापरकर्त्याला परवानगी द्या. डेबियन आणि उबुंटूवर डायलआउट या ग्रुपमध्ये टाकायचं, आर्चवर यूयूसीपी, फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडीवर डायलर. प्रोग्रॅम रूटखाली चालवून ही पायरी टाळू नका.

मग दोन आगंतुकांना बाहेर काढा. मोडेममॅनेजर ही सेवा नवीन पोर्ट दिसला की तो मोडेम आहे का बघायला एटी कमांड पाठवू शकते, आणि समोर वजनकाटा किंवा पीएलसी असेल तर ती बिचकते. पॅनेलच्या संगणकावर त्याचं काही काम नाही, काढून टाका. दुसरा बीआरएलटीटीवाय, दृष्टिहीनांच्या ब्रेल डिस्प्लेसाठीची सेवा. उबुंटू २२.०४ वर तो सीएच३४० ला ब्रेल डिस्प्ले समजून ताब्यात घेतो आणि पोर्ट आला-आला म्हणेपर्यंत गायब होतो. ब्रेल डिस्प्ले वापरणारं कुणी नसेल तर तोही काढा.

आता यूडेव्हचा नियम. सिरीयल नंबर आणि इंटरफेस क्रमांक दोन्ही जुळवून ‘भट्टी’, ‘कॉम्प्रेसर’ अशी सिमलिंक करायची. इथे जवळजवळ प्रत्येक जण एकदा अडतो: सिरीयल नंबर उपकरणाच्या पातळीवर असतो आणि इंटरफेस क्रमांक त्याच्या खालच्या पातळीवर. एटीटीआरएस या अटीने दोन्ही एकाच नियमात विचारले तर नियम कधीच लागू होत नाही, आणि एररही येत नाही. त्याऐवजी यूडेव्हने आधीच भरून ठेवलेले आयडी_सिरीयल_शॉर्ट आणि आयडी_यूएसबी_इंटरफेस_नम हे एन्व्हायर्नमेंटचे चल वापरा. ते भरले गेल्यानंतर तुमचा नियम वाचला जावा म्हणून फाइलच्या नावाच्या सुरुवातीला ९९ ठेवा. चार पोर्टच्या चिपचे इंटरफेस ०० ते ०३ असे येतात.

यूएसबी केबल आखूड ठेवा, ५ मीटर ही कमाल मर्यादा आहे आणि कारखान्यात मी दोनच्या पुढे जात नाही. मोठी मोटर किंवा ड्राइव्ह सुरू होताना डीमेसेजमध्ये ‘डिसेबल्ड बाय हब, ईएमआय?’ अशी ओळ आली तर कर्नल स्वतःच दोष सांगतोय. यूएसबीची केबल पॉवर केबलच्या ट्रेमधून काढा, फेराइट लावा, डबा पॅनेलच्या पत्र्याला नीट अर्थ करा. दोन वेगळ्या इमारतींमधली किंवा वेगळ्या अर्थिंगवरची यंत्रं एकाच डब्याला जोडायची असतील तर आयसोलेटेड डबाच घ्या. तिथे पैसे वाचवू नका; यूएसबीचा ग्राउंड थेट मदरबोर्डला जातो.

हबला हब, त्याला हब, असं करू नका. सलग पाचच हब चालतात, आणि आठ पोर्टच्या डब्यातला हब त्यात मोजला जातो. सोळा-बत्तीस पोर्ट लावताना आणखी एक भिंत येते: एफटी४२३२एचची एक चिप ९ एंडपॉइंट (संगणकाशी बोलण्याच्या वाटा) घेते, आणि काही यूएसबी ३ होस्ट कंट्रोलरची एकूण मर्यादा शंभराच्या आत असते. ‘नॉट इनफ होस्ट कंट्रोलर रिसोर्सेस’ ही एरर दिसली तर डबा खराब नाही, कंट्रोलर भरलाय. वेगळं यूएसबी कार्ड टाकून डबे वाटून द्या.

अंतर पन्नास मीटरच्या पुढे असेल किंवा सोळाच्या पुढे पोर्ट लागत असतील, तर मी यूएसबी सोडून इथरनेटवरचा सिरीयल सर्व्हर सुचवतो. आणि स्विच-राउटरचे कन्सोल सांभाळायचे असतील तर कन्व्हर्टरसोबत कॉन्सर्व्हर बसवा, म्हणजे प्रत्येक पोर्टवरचं बोलणं फाइलमध्ये साठतं. राउटर रात्री दोनला का पडला हे सकाळी वाचता येतं.

सगळं बसल्यावर काम सोपवण्याआधी मी एक चाचणी घेतो. संगणक बंद करतो, दोन्ही डब्यांच्या यूएसबी केबल अदलाबदल करून लावतो आणि सुरू करतो. मग चालू असताना एक केबल ओढून दहा सेकंदांनी परत लावतो. मग मेन स्विच पाडून वर करतो. तिन्ही वेळा कॉम्प्रेसर बंद ठेवून त्याच्यापुढे शून्य दिसतं का, ते शेडच्या इलेक्ट्रिशियनला स्वतः बघायला लावतो, आणि डब्यावर सिरीयल नंबर, पोर्टची नावं आणि तारीख लिहिलेला कागद चिकटवून त्याच्याच हाताने पॅनेलचं दार लावून घेतो.